खळ्याची माती

आमच्या बेथ-रिमोन गावात माणूस पुरायला प्रेत लागतं, आणि प्रेत नसेल तर माती लागते. लढाईत पडलेल्यांची प्रेतं काही डोंगर चढून घरी येत नाहीत. म्हणून पराभवाची बातमी आणणारा निरोप्या रणातच कपडे फाडतो, तिथलीच माती डोक्यावर घेतो आणि तसाच गावाकडे धावत सुटतो. वेशीत आला की तो गुडघे टेकतो. ज्यांची माणसं गेली त्या बायका त्याच्या केसांतून एकेक चिमूट काढून पदराला बांधतात. तीच पुरायची. तेवढंच थडगं.

आणि पुरताना रडायचं काम माझं. मी सेरह. माझी आई हेच करत होती, तिची आईही. मी मेलेल्याचं नाव घेते. गाव विचारतं, "तोंड कुठं होतं?" मी सांगते, "शत्रूकडे." मग सगळ्यांनी मिळून हंबरडा फोडायचा आणि पुढचं नाव. ज्याच्या पाठीत वार लागला त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याची माती घरच्यांनी मागच्या दाराने नेऊन पुरावी. हा नियम मी केलेला नाही, पण चाळीस वर्षं मी तो सांभाळला आणि त्यात कुणाची गय केली नाही. तीन नावं मी गाळली. त्यातल्या एकाची आई विहिरीवर मला पाहिलं की घागर न भरता परत जायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट बरंच वाटायचं, की आपला वचक आहे.

त्या वर्षी जव कापून, मळून झाले आणि आमचे जुने वैरी पलिष्टी खालच्या मैदानात आल्याची आवई उठली. आमचे वडीलजन वेशीतल्या बाकावर बसले. त्यांच्यात हुप्पीम सगळ्यात मोठा, म्हणजे आवाजाने. बाकी मोठेपण कुठं होतं ते मला कधी सापडलं नाही. स्वतःच्या गुडघ्यातून कळ येते म्हणून तो लढाईला जाणार नव्हता, पण भाषण करायला गुडघे लागत नाहीत.

"एकेकानं दहा-दहा लोळवायचे!" तो ओरडला. "परमेश्वर आपल्या बाजूला आहे!"

"परमेश्वर आहे तर मग बावीस जणांना कशाला पाठवतोस?" मी विचारलं. "त्याला एकट्यालाच जाऊ दे की."

"सेरह, तुझी जीभ एक दिवस तुलाच खाईल," हुप्पीम म्हणाला. लोक हसले. मीही हसले.

बावीस जण निघाले. त्यांत हुप्पीमचा मुलगा यादोन होता, ज्याला कोंबडं कापतानाही तोंड फिरवताना मी पाहिलंय. गेरा होता, दोन लेकरांचा बाप, गाढवं राखणारा, कायम दुसऱ्याच्या मागे उभा राहणारा. आणि माझा इथ्रान होता. एकुलता एक. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात होगला, माझी सून, चौथ्या महिन्यात.

इथ्रान लढवय्या नव्हता. गोफण बरी मारायचा, तीही कोल्ह्यांना. निघताना मी त्याच्या झोळीत भाकरी आणि वाळल्या अंजिरांची ढेप बांधत होते. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आई, माझं नाव घ्यायची पाळी आली तर जरा सुरात घे. शेजारच्या म्हाताऱ्याच्या वेळी तुझा आवाज फाटला होता."

"पाठीत वार घेतलास तर नाव घेणारच नाही," मी म्हणाले.

"आणि पळून जिवंत आलो तर?"

"तर हा उंबरा तुझा नाही. गावभर ज्या नियमाने मी वागले तो काय माझ्या लेकाला नाही?"

होगला म्हणाली, "आत्याबाई, निघतानाच असं बोलू नका हो."

इथ्रान मात्र हसला. "अगं, तिला असंच बोलता येतं," तो म्हणाला. "दुसरं काही बोलली तर मलाच भीती वाटेल." आणि झोळी खांद्यावर टाकून गेला. मी मागून काही बोलले नाही. बोलायची सवय नव्हती.

इकडे हुप्पीमची बायको बासमत हिने दुसऱ्याच दिवशी डफ बाहेर काढले. विजय झाला की बायका डफ घेऊन वेशीबाहेर जातात, ही रीत आहे खरी. पण लढाई व्हायच्या आधी तालीम करायची, ही बासमतची रीत. मागच्या खेपेला शेजारच्या गावच्या बायकांनी 'आमच्यांनी शंभर मारले' असं गाणं केलं होतं. ते हिच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून हिने आधीच दोनशे मारून ठेवले होते. पलिष्ट्यांना तेवढं कळवायचं राहिलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी वेशीच्या माळवदावरून पहारेकऱ्याने हाक दिली, "माणूस पळत येतोय! एकटाच!"

आता आमच्याकडे असं धरतात, की घोळका पळत आला तर तो हरून आलेला, आणि एकटा पळत आला तर तो निरोप घेऊन आलेला. इथवर बरोबर आहे. पण हुप्पीमला निरोप म्हटला की चांगलाच ऐकू यायचा. "एकटा!" तो बाकावरून उठला, गुडघ्यांसकट. "पाय कसा उचलतोय बघा! आनंदाशिवाय असा पाय उचलला जात नाही. बासमत, डफ!"

पहारेकरी वरून म्हणाला, "जरा थांबा ना, नीट दिसू तर द्या."

"तू शकुन मोडू नकोस!"

मग काय, गावातल्या निम्म्या बायका डफ बडवत वेशीबाहेर. बासमत सगळ्यात पुढे, 'दोनशे, दोनशे' करत. समोरून गेरा आला. अंगरखा गळ्यापासून पोटापर्यंत फाटलेला, डोकं मातीने भरलेलं. तो बायकांपुढे येऊन उभा राहिला आणि बायका त्याच्याभोवती नाचतायत! पहिल्या ओळीतल्या दोघींचे डफ थांबले, पण मागच्यांना काही दिसत नव्हतं. त्या गातच राहिल्या. हरलेल्या माणसाला ओवाळणारं दुसरं गाव मी अजून ऐकलेलं नाही.

गेराने गुडघे टेकले. "सगळे गेले," तो म्हणाला. "एकही उरला नाही. मी तेवढा निरोप आणायला राहिलो."

डफ कुणाच्या हातून पडला कोण जाणे, उतारावरून गडगडत खाली खळ्यापर्यंत गेला.

मग जे व्हायचं ते झालं. बायकांनी केस सोडले, म्हाताऱ्यांनी कपडे फाडले. एकेकीने पुढे होऊन विचारायचं आणि गेराने सांगायचं. आणि काय सांगत होता! यादोनने सात पलिष्टी पाडले, आठव्याने त्याला पाडलं. अमक्याने भाला छातीत घेऊन वर परमेश्वराचं नाव घेतलं. सगळ्यांची तोंडं शत्रूकडे. बासमत रडता रडता म्हणाली, "सात? नीट मोजलेस ना?" हुप्पीम कपाळ बडवून घेत होता, पण सात हा आकडा त्याने दोनदा मोठ्याने उच्चारला, मागच्यांना ऐकू जावा म्हणून.

रडायचं काम जिचं, तिने सगळ्यात शेवटी जायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा होगला माझ्या दंडाला धरून उभी होती. मी विचारलं, "माझा?"

गेराने माझ्याकडे पाहिलं नाही. "शत्रूकडे तोंड करून पडला, मावशी. देवदारासारखा."

खरं सांगते, लपवत नाही. ते ऐकून सगळ्यात आधी मला बरं वाटलं. लेक मेल्याचं दुःख नंतर आलं. आधी मनात आलं, त्याचं नाव घेता येईल. असली मी.

मी त्याच्या केसांत हात घातला आणि चिमूट काढली. बोटांना काहीतरी टोचलं. पाहिलं तर जवाचं कुसळ. पुन्हा चिमूट घेतली. भुसा. आणि माती तांबूस, हलकी, भुरभुरीत.

खालच्या मैदानातली माती मी नऊ वेळा पुरली आहे. तिथे झरे आहेत, दलदल आहे. माती काळी, चिकट. बोटांना लागली की दोन दिवस नखांत राहते. ही ती नव्हतीच. ही आमच्या खळ्यातली होती, वेशीखाली, खडकाआडची, जिथे दहा दिवसांपूर्वी माझ्याच इथ्रानने बैल फिरवले होते. सगळं गाव स्वतःच्या खळ्याचा केर पदरात बांधून ऊर बडवत होतं.

मी तेव्हा काही बोलले नाही. एवढ्या रडारडीत बोलले असते तर दुःखाने मी वेडी झाले असंच लोक म्हणाले असते. होगलाला घरी शेजारणीजवळ बसवलं आणि मी हुप्पीमच्या घरी गेले.

तिथे निरोप्याचा पाहुणचार चालला होता. त्याच्या वहाणा दाराबाहेर. आत गेरा पाय धुवून चटईवर बसला होता, पुढे भाकरी आणि मसुरीची आमटी. हुप्पीम त्याच्याकडून यादोनची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत होता आणि आता आठवा पलिष्टीही जखमी झाला होता.

"ये सेरह," हुप्पीम म्हणाला. "तुलाच बोलवणार होतो. संध्याकाळच्या रडण्यात यादोनचं नाव आधी घे. आणि ते सातांचं नीट सांग, घाईत उरकू नकोस."

मी गेरासमोर बसले आणि मूठ उघडली. "हे काय आहे?"

"माती, मावशी. रणातली."

"रणात जव मळले होते का पलिष्ट्यांनी?"

त्याचा घास तोंडातच राहिला. हुप्पीम म्हणाला, "माती ती माती. आता त्यात काय शोधतेस? माझा मुलगा गेलाय."

"गेलाय की नाही तेच विचारतेय. गेरा, तू खळ्यात थांबलास. तिथे कपडे फाडलेस, तिथली माती डोक्यावर घेतलीस. ज्याने रणात माती घेतली त्याला दुसऱ्यांदा घ्यायला लागत नाही. बोल, कुठून पळालास?"

आमटीकडे बघतच तो म्हणाला, "माझी दोन पोरं आहेत, मावशी."

"बावीसांतल्या निम्म्यांना आहेत."

"त्यांचे रथ आले," गेरा म्हणाला. "दलदलीच्या कडेने, कोरड्या वाटेने. चाकांचा आवाजच ऐकला आम्ही आणि माझे पाय निघाले. मी काय कुणाला पडताना पाहणार? मी मागे वळलोच नाही. नुसता पळत आलो असतो तर तुम्ही वेशीत दगड मारले असते. निरोप्या म्हणून आलो तर पाणी मिळतं."

खोटं नव्हतं त्याचं. पळपुट्यात आणि निरोप्यात आमच्याकडे एका फाटक्या गळ्याचा फरक. आणि सगळे मेले म्हणण्यात शहाणपण असं, की साक्षीला कुणी उरत नाही. गाढवं राखून एवढी अक्कल आली होती त्याला.

"म्हणजे यादोन?" हुप्पीमने विचारलं.

"मला माहीत नाही, काका. जिवंतही असेल."

"आणि ते सात?"

मी हुप्पीमकडे पाहिलं. मुलगा जिवंत असेल असं ऐकून या माणसाने आधी सातांची चौकशी केली. पण मला हसता आलं नाही, कारण तासाभरापूर्वी मीही तेच केलं होतं. दारातून बासमत आली आणि तिने गेराच्या पुढचं आमटीचं भांडं उचलून त्याच्याच अंगावर ओतलं. मग खाली बसून ती रडली, आता वेगळ्या सुरात. "जिवंत असेल म्हणालास ना रे? म्हणालास ना?"

मी उठले. म्हटलं, मग माझाही असेल. पाय हलके झाले होते. सून घरी आहे, तिला सांगायला हवं, एवढंच डोक्यात.

"मावशी," गेरा म्हणाला. "तुमचा नाही."

मी उभी राहिले.

"एकट्याचंच पाहिलंय मी. तो माझ्या बरोबर होता. आम्ही दोघंच पळालो, एकदमच. तो माझ्यापेक्षा जोरात पळतो, तुम्हाला ठाऊक आहे. दलदल ओलांडून तो पुढेही गेला होता, चढ लागला होता. आणि तिथे तो थांबला."

"का?"

गेराने अंगावरची आमटी पुसली.

"का थांबला?"

"म्हणाला, 'गेरा, मला घरी जाता येत नाही. आई घरात घेणार नाही.' मी म्हटलं, अरे चल, म्हातारी बोलते तसं करते थोडंच? तो म्हणाला, 'माझी आई करते.' आणि माघारी वळायला लागला. तेवढ्यात भाला आला."

 

आणि मी काय विचारलं असेल? चाळीस वर्षांची जीभ ती. मी विचारलं, "पुढून लागला की मागून?"

"बरगडीत," गेरा म्हणाला. "वळता वळता. ना पुढून, ना मागून." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी त्याला ओढायला थांबलो नाही, मावशी. पण तुम्ही विचारता तरी काय!"

त्याचा मला राग आला नाही. त्याच्या घरी त्याची बायको त्याला शिव्या देणार होती, लोक वर्षभर थुंकणार होते आणि त्याची दोन पोरं त्याच्या मांडीवर बसणार होती. त्याच्या आईने त्याला काही शिकवलं नव्हतं. तिला मी आयुष्यभर गचाळ म्हणत आले.

मी बाहेर आले. दारात त्याच्या वहाणा होत्या. एक उलटी पडली होती. तळव्याच्या शिवणीत, अंगठ्याच्या वादीखाली, काळी माती वाळून घट्ट बसली होती. डोक्यावरची खोटी होती, पण पायांना खोटं बोलता आलं नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि त्या पळपुट्याच्या वहाणा मांडीवर घेऊन नखाने ती माती खरवडली. बरीच निघाली. नख उलटलं, रक्त आलं, तेही त्यात गेलं. बासमत आतून आली, बघत उभी राहिली, आणि तिने आपल्या ओढणीची चिंधी फाडून मला दिली.

संध्याकाळी सगळं गाव वेशीत जमलं. मी म्हणाले, "आपापल्या गाठी सोडा. ती माती आपल्या खळ्याची आहे. तुमची माणसं मेली की जगली, कुणालाच माहीत नाही. घरी जा आणि दारं उघडी ठेवा. जो कुणी जसा येईल तसा त्याला घरात घ्या."

गलका झाला. कुणी रडलं, कुणी गेराच्या नावाने दगड उचलला, कुणी तो खाली टाकला. ज्याचं नाव मी गाळलं त्याची आई, मला पाहून घागर न भरता जायची ती म्हातारी, मागे भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "मग तू कुणासाठी केस सोडलेत?" तिने विचारलं.

मी चिंधी उघडली. होगलाने काळी माती पाहिली आणि खाली बसली. तिला मी आधी सांगायला हवं होतं. ते धैर्य मला झालं नव्हतं. दुसऱ्यांच्या धैर्याचा हिशेब ठेवणारी मी.

"इथ्रान," मी नाव घेतलं. सुरात घे म्हणाला होता. मी प्रयत्न केला. आवाज फाटलाच.

 पळालेल्याचं नाव घ्यायचं नाही, हे मीच गावाला शिकवलं होतं, आणि तो पळाला होता हे त्या गलक्यात हुप्पीमच्या घरच्यांकडून कानोकानी पोचलं होतं. पुढचा प्रश्न कुणी विचारेना. मी उभी राहिले. मग त्या म्हातारीने विचारला. टोमणा मारायला विचारला की दयेने, मला आजही सांगता येणार नाही.

"तोंड कुठं होतं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.